वारा घ्यावा की धूळ टाळावी

संगणकाचे सुटे भाग ज्या पत्र्याच्या पेटीत बसवले जातात तिला बाजारात ‘कॅबिनेट’ म्हणतात, आणि खरेदीच्या यादीत तिचे स्थान बहुधा शेवटचे असते. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड ठरल्यावर जे पैसे उरतात त्यात बसेल अशी, दिसायला बरी पेटी घेतली जाते. संगणक जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते आणि ती उष्णता बाहेर नेण्याचा मार्ग या पेटीतूनच जातो, ही गोष्ट या व्यवहारात मागे पडते. थंड हवेच्या गावात ही चूक पचून जाते, पण सगळीकडे तसे घडत नाही.

बुऱ्हाणपूर आणि त्याच्याजवळचे बहादरपूर ही तापीच्या खोऱ्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची वस्ती आहे. येथे मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो, आणि यंत्रमागांचा व्यवसाय या परिसरात जुना असल्यामुळे हवेत मातीच्या धुळीबरोबर सुतातून सुटलेले बारीक तंतूही तरंगत असतात. उष्म्यामुळे पेटी जितकी मोकळी असावीशी वाटते तितकीच ती तंतूंमुळे बंद असावीशी वाटते, आणि या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा आणि मग त्याला उत्तर द्यावे, या जुन्या शास्त्रीय रीतीने पुढील विवेचन दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातले आहे. त्यांपैकी गुरुजी हे मागांच्या शेडशेजारी राहणारे विज्ञानाचे अध्यापक असून बंदिस्त पेटीचा पक्ष घेतात, तर कारागीर हा संगणक जोडणारा व दुरुस्त करणारा असून तो जाळीदार पेटीचा कैवार घेतो.

पेटीचे काम कोणते

गुरुजी : पेटीचे पहिले काम संरक्षणाचे आहे. ज्या गल्लीत माग चालतात तेथे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते, आणि अशा ठिकाणी महागडी विद्युत्-यंत्रणा जाळीमागे उघडी ठेवणे शहाणपणाचे दिसत नाही. धान्याच्या कणगीला कोणी खिडक्या ठेवत नाही, भाऊ.

कारागीर : कणगीत कोणी चूल पेटवत नाही, गुरुजी. खेळांसाठी किंवा चित्रफितींच्या संपादनासाठी जोडलेला संगणक जोरात चालताना 300 वॅट वीज घेत असेल, तर त्या पेटीत 300 वॅटची शेगडीच चालू असते. चिपमधली उष्णता थर्मल पेस्टच्या पातळ थरातून हीटसिंकमध्ये, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांच्या गठ्ठ्यात जाते. पात्यांमधून वाहणारी हवा ती उचलते. ती हवा पेटीबाहेर पडून खोलीत मिसळते. या साखळीतली कोणतीही कडी अडली तर मागच्या सगळ्या कड्या तापतात, आणि पेटीची कडी अडली असेल तर कितीही भारी हीटसिंक बसवला तरी तो तीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळत राहतो.

गुरुजी : तरीही प्रोसेसर जळत नाही. तो आपली मर्यादा ओळखून सांभाळून घेतो, असे ऐकिवात आहे.

कारागीर : ते खरे आहे, आणि त्या सांभाळून घेण्यालाच ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. आजच्या बहुतेक प्रोसेसरांच्या आतील तापमानाची मर्यादा 90 ते 105 अंशांच्या दरम्यान असते. ती गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे यंत्र वाचते, पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग उन्हाळ्याच्या दुपारी मिळत नाही. शिवाय प्रोसेसरला ही समज असली तरी शेजारच्या सगळ्या भागांना ती नसते. एसएमपीएसमध्ये, म्हणजे घरातली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत बदलणाऱ्या भागात, जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात त्यांचे आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढल्यास साधारण निम्मे होते, असा त्या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे.

खोलीचे तापमान हा पाया

गुरुजी : मग आणखी एक शंका उरते. परदेशी परीक्षणांत बंद दर्शनी भागाच्या पेट्याही पास झालेल्या दिसतात, मग इथेच त्या नापास का ठराव्यात?

कारागीर : अशा चाचण्या बहुधा विशीतल्या तापमानाच्या खोलीत होतात. पंख्यांचा वेग तोच राहिला तर खोली जितक्या अंशांनी तापते जवळजवळ तितक्याच अंशांनी आतले भागही तापतात, म्हणून जो प्रोसेसर 22 अंशांच्या खोलीत 65 वर स्थिरावतो तो 42 अंशांच्या खोलीत 85 च्या घरात जातो. चाचणीतली 10 अंशांची तफावत थंड खोलीत केवळ आकड्यांची असते. बहादरपुरात तीच तफावत वेग टिकणे आणि तुटणे यांतला फरक ठरते. इंटेलने पेटी बनवणाऱ्यांसाठी पूर्वी एक मार्गदर्शिका काढली होती, तिच्यात प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोहोचणारी हवा 38 अंशांपेक्षा गरम नसावी अशी अपेक्षा होती. येथे मे महिन्यात दारातून येणारी हवाच त्या आकड्याच्या वर असते.

गुरुजी : म्हणजे दोष पेटीचा नसून हवामानाचा आहे, आणि 42 अंशांच्या हवेने काही थंड करता येईल हा आग्रहच सोडून द्यावा, असाही निष्कर्ष निघू शकतो. पाण्याने थंड करणारी यंत्रणा बसवली तर पेटी बंद ठेवता येईल.

कारागीर : त्या यंत्रणेतले पाणी उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते, नाहीशी करत नाही, शेवटी ती रेडिएटरच्या पात्यांतून हवेतच सोडावी लागते, आणि तिथे प्रश्न पुन्हा जाळीपाशीच येऊन थांबतो. हवेचे असो वा पाण्याचे, या दोन्ही साधनांनी कोणताही भाग खोलीच्या तापमानाखाली जात नाही. पेटीच्या हाती असते ते एवढेच, की आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश जास्त गरम होऊ द्यायची.

किती हवा लागते

गुरुजी : ‘किती’ हा शब्द आला ते बरे झाले, कारण जाळीच्या बाजूने बोलणारे नेहमी ‘भरपूर हवा’ म्हणतात आणि आकडा सांगत नाहीत. हवेबरोबर धूळ येते. दुप्पट हवा घेतली तर धूळही दुप्पट येणार. म्हणून गरजेपेक्षा जास्त हवा घेणे हा निव्वळ तोटा आहे.

कारागीर : हा मुद्दा मान्य आहे, आणि त्याचा हिशेबही सोपा आहे. हवेने उचललेली उष्णता ही हवेचे वस्तुमान, तिची उष्णताधारकता आणि तिच्या तापमानातली वाढ यांच्या गुणाकाराएवढी असते. पेटीत 300 वॅट उष्णता निर्माण होत असेल आणि आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत 10 अंशांहून जास्त तापू नये अशी इच्छा असेल, तर सेकंदाला सुमारे 26 लिटर हवा वाहावी लागते. पंख्याच्या खोक्यावर जे माप छापलेले असते त्या हिशेबात हे मिनिटाला सुमारे 56 घनफूट होते. वाढ 5 अंशांवर ठेवायची तर प्रवाह दुप्पट हवा. उलट एखाद्या एमपी ऑनलाइन केंद्रावर अर्ज भरण्यासाठी ठेवलेला संगणक 100 वॅटच्या आत भागवतो, आणि त्याला सेकंदाला 9 लिटर पुरतात. ते काम एक मंद पंखाही करतो.

गुरुजी : 120 मिलिमीटरच्या एका पंख्यावरच पन्नास-साठ घनफूट छापलेले असते. मग तीनशे वॅटलाही एकच पंखा पुरावा.

कारागीर : छापलेला आकडा पंखा मोकळ्या हवेत फिरत असतानाचा असतो. पुढे जाळी, गाळणी, तारा आणि हीटसिंक आले की पंख्याला दाब द्यावा लागतो आणि प्रवाह घटतो. बंद दर्शनी भागामागे, कडेच्या बोटभर फटीतून हवा ओढायची असेल तर तो फारच घटतो. पंख्याचा वेग वाढवून ही तूट भरता येते, पण प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढत असताना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि आवाजही चढत जातो. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा दोन-तीन मोठे पंखे सावकाश फिरवणे चांगले. साधारण दशकापूर्वी सपाट पत्र्याच्या किंवा काचेच्या दर्शनी भागाची चलती आली, तेव्हा हीच अडचण पुढे आली. 2020 मध्ये कोर्सेअरने ‘4000 डी’ ही पेटी काढताना बंद दर्शनी भागाची एक आणि छिद्रांच्या दर्शनी भागाची ‘एअरफ्लो’ नावाची दुसरी, अशा दोन आवृत्त्या बाजारात ठेवल्या. एनझेडएक्सटीच्या ‘एच 510’ या बंद तोंडाच्या पेटीलाही पुढे ‘फ्लो’ ही छिद्रांची जोडीदार मिळाली.

गरम हवा वर जाते, पण

गुरुजी : शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे गरम हवा हलकी होऊन वर जाते. पेटीच्या माथ्यावर थोडी छिद्रे ठेवली तर धुराड्यासारखी ती आपोआप बाहेर पडेल, पंख्यांची ही पलटण लागणार नाही, आणि ओढ मंद असल्याने तंतूही कमी येतील.

कारागीर : नियम खरा आहे, पण त्याचे बळ मोजून पाहावे. अर्धा मीटर उंचीच्या पेटीत आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांनी गरम असेल, तर धुराड्याच्या न्यायाने निर्माण होणारा दाब पास्कलच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा भरतो. पास्कल हे दाबाचे माप आहे. साधा 120 मिलिमीटरचा पंखा दहा-वीस पास्कल दाब देऊ शकतो, म्हणजे धुराड्याच्या सुमारे शंभर पट. म्हणून पंखा असलेल्या पेटीत हवेची दिशा पंखा ठरवतो, उष्णता नव्हे. पंख्याशिवाय केवळ या नैसर्गिक ओढीवर चालणारा ‘जी 4 क्यूब’ अ‍ॅपलने 2000 मध्ये आणला होता आणि पुढच्याच वर्षी त्याचे उत्पादन थांबवले.

गुरुजी : मग पंखे कुठेही लावले तरी चालतील?

कारागीर : तसेही नाही, कारण मार्ग सरळ हवा. समोरून आणि खालून हवा आत, मागून आणि माथ्याच्या मागच्या भागातून बाहेर, असा वाहता रस्ता ठेवावा. माथ्यावर अगदी पुढे बाहेर फेकणारा पंखा लावला तर समोरून आलेली ताजी हवा काही न करताच बाहेर निघून जाते. हा रस्ता नक्की करायला उद्योगालाही वेळ लागला. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स हा मदरबोर्ड-पेटीचा आराखडा मांडला तेव्हा एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडावी अशी कल्पना होती. पण ती हवा आधी एसएमपीएसमध्येच तापत असे, आणि पुढे दिशा उलटी करून तो पंखा हवा बाहेर टाकू लागला. 2004 च्या सुमारास बीटीएक्स नावाच्या आराखड्यात प्रोसेसर थेट पुढच्या पंख्याच्या रेषेत आणला गेला, पण तो रुजला नाही. आज एसएमपीएस बहुधा तळाशी असतो आणि तळाच्या जाळीतून स्वतःची हवा स्वतंत्रपणे घेतो, म्हणून पेटीचे पाय निदान दोन-तीन सेंटिमीटर उंच असावेत आणि ती सतरंजीवर ठेवू नये.

दाब आणि गाळणी

गुरुजी : आता मूळ आक्षेपाकडे यावे. हीटसिंकच्या दोन पात्यांत साधारण दोन मिलिमीटरचे अंतर असते. सुताचा एक तंतू तिथे आडवा अडकला की त्याला दुसरा अडकतो, त्यांच्यावर पिठासारखी धूळ बसते, आणि काही महिन्यांत पंखा व पाती यांच्या मध्ये नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून पाहणाऱ्याला पंखा व्यवस्थित फिरताना दिसतो. तो काढला की खाली गोधडीच्या चौकोनी ठिगळासारखा तुकडा अखंड निघतो. जाळीच्या पेटीत हे लवकर घडेल की नाही?

कारागीर : गाळणी नसेल तर लवकर घडेल, यात शंका नाही. पण बंद पेटीतही ते टळत नाही, कारण हवा कुठून तरी येणारच. मागचा पंखा हवा बाहेर फेकतो आणि पुढचा रस्ता अरुंद असतो, तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. याला ऋण दाब म्हणतात. मग यूएसबीची भोके, कार्डांच्या मागच्या पट्ट्या, पत्र्याचे सांधे अशा प्रत्येक फटीतून न गाळलेली हवा आत ओढली जाते. आत घेणाऱ्या पंख्यांचा जोर थोडा जास्त ठेवला की आतला दाब किंचित वाढतो, त्या धन दाबाने फटींतून हवा बाहेर पडते, आणि येणारी सगळी हवा गाळणीतूनच यावी लागते. पुढे दोन आणि मागे एक, ही साधी मांडणी बहुतेक वेळा एवढे साधून देते. खात्री करायची तर पेटलेली अगरबत्ती मागच्या फटींपाशी धरावी. धूर आत खेचला गेला तर दाब ऋण, दूर ढकलला गेला तर धन.

गुरुजी : पण गाळणी स्वतःच तुंबली की पुढचे पंखे लंगडे होतील, आणि धन दाबाचा ऋण दाब होऊन बसेल. म्हणजे जाळीची पेटी ही निष्काळजी माणसाच्या घरी बंद पेटीपेक्षा वाईट ठरू शकते.

कारागीर : हे मात्र मान्य करावे लागते. त्यावर दोन उपाय आहेत. गाळणीचे क्षेत्रफळ पंख्यांपेक्षा मोठे असावे, म्हणजे हवा तिच्यातून सावकाश जाते, अडथळा कमी होतो आणि तुंबायलाही वेळ लागतो. आणि ती एकही स्क्रू न उघडता, नुसती ओढून हातात येणारी असावी. आत गाळणी असूनही ती काढायला पुढचा सगळा भाग उचकटावा लागत असेल, तर ती दोनदा धुतली जाते आणि तिसऱ्यांदा विसरली जाते.

कूलर, खोली आणि कुंडी भंडारा

गुरुजी : या भागातला खरा उपाय घरातला कूलर आहे. कोरड्या उन्हाळ्यात ओल्या गवती जाळ्यांतून आलेली हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरते, आणि खोलीचे तापमान हाच पाया असेल तर पेटीवर पैसे घालण्यापेक्षा खोलीवर घालावेत.

कारागीर : हिशेबाने हे बरोबर आहे, पेटी बदलून इतके अंश क्वचितच मिळतात. मात्र कूलरची हवा खिडकीतून बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर खोली दमट होते आणि थंडावा थांबतो. चालू संगणकाचे भाग हवेपेक्षा गरम असल्यामुळे त्यांच्यावर दव धरत नाही, पण कूलरच्या झोताबरोबर उडणारे पाण्याचे बारीक थेंब क्षार घेऊन येतात, म्हणून पेटी झोताच्या थेट समोर असू नये.

गुरुजी : आणि दमट हवेत तंतू जास्त चिकटतात, हेही जमेस धरावे. या गावाला तुंबण्याचा धडा वेगळा द्यायला नको. जहांगीरच्या काळात, 1615 मध्ये, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत बुऱ्हाणपुरात इराणी पद्धतीचा कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणणारी ती व्यवस्था आहे, आणि वर विहिरीसारख्या दिसणाऱ्या शंभराहून अधिक कुंड्या त्या बोगद्याला जोडलेल्या आहेत. तिथेही पाण्यातला चुना भिंतींवर साचत जाऊन वाट अरुंद होत आली.

कारागीर : त्या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहावी, गुरुजी. अशा व्यवस्थेत कुंड्या केवळ पाणी काढायला नसतात. त्यांतून बोगद्यात हवा आणि उजेड जातो, आणि माणसाला खाली उतरून गाळ काढता येतो. वाट तुंबणार हे बांधणाऱ्याने गृहीत धरले होते, म्हणून त्याने वाट बंद न करता तिथवर पोहोचण्याची सोय ठेवली.

निवडीचे निकष

या संवादात दोन्ही पक्षांचा एकेक आधार ढासळतो. बंद पेटी धूळ अडवते हा समज टिकत नाही, कारण ती धुळीला गाळणी नसलेल्या फटींकडे वळवते; आणि जितकी हवा तितके चांगले हा समजही टिकत नाही, कारण गरजेपलीकडची हवा केवळ तंतू आणते. उरतो तो निर्णय यंत्राच्या वॅटवर आणि घरातल्या माणसांच्या सवयीवर ठरतो. कार्यालयीन कामाच्या संगणकाला छिद्रांचा दर्शनी भाग, पुढे एक व मागे एक मंद पंखा आणि निघणारी गाळणी एवढे पुरे आहे. ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्राला पुढे दोन मोठे पंखे, तळाला जाळी आणि कार्डाखाली मोकळी जागा हवी. दुकानात पेटी पाहताना पुढची गाळणी दुकानदाराला एका हाताने काढून दाखवायला सांगावे, आणि दर्शनी भागामागे हवेची वाट खरोखर उघडी आहे की छिद्रांच्या नक्षीमागे पत्राच आहे हे बोट लावून पाहावे.

घरी असलेल्या पेटीची परीक्षाही सोपी आहे. संगणकावर जड काम अर्धा तास चालवून तापमान नोंदवावे, मग बाजूचा पत्रा काढून तेवढाच वेळ पुन्हा पाहावे. तापमान पाच-सात अंशांहून जास्त उतरले तर पेटी गुदमरते आहे असे समजावे. पण पत्रा काढूनच ठेवणे हा उपाय नव्हे, कारण त्याने प्रवाहाचा रस्ताही मोडतो आणि गाळणीही निरर्थक होते. संगणक-टेबलाच्या बंद कप्प्यात पेटी कोंबणे, किंवा बंद करताच तिच्यावर प्लास्टिकचे कव्हर चढवणे, या दोन्ही सवयी चांगल्या पेटीलाही वाईट करतात. साफसफाई करताना वीज तोडावी आणि ब्लोअर मारण्याआधी पंख्याचे पाते बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून धरावे, म्हणजे तो मर्यादेबाहेर फिरून बिघडत नाही.

गुरुजींचा शेवटचा प्रश्न असा, की मागांच्या गल्लीत गाळणी किती दिवसांनी धुवावी. कारागिराचे उत्तर दिवसांत नाही. गाळणी उजेडाकडे धरावी, आणि तिच्यातून पलीकडची खिडकी स्पष्ट दिसेनाशी झाली की धुवावी. मागांच्या हंगामात ती वेळ पंधरवड्यात येईल, पावसाळ्यात कदाचित महिन्याने. ज्या घरात एवढे पाहणारे कोणी असेल तिथे जाळीची पेटी घ्यावी. जिथे ते कोणी पाहणार नाही, तिथे आधी यंत्र कमी वॅटचे निवडावे, म्हणजे हवा थोडी लागेल आणि धूळही तितकीच थोडी येईल.